काळे तेल आणि बंद्यांचे हक्क

मोटारसायकलचे ऑइल पुष्कळजण आता घरीच बदलतात. इंजिन थोडे गरम करायचे, खालचा बोल्ट सोडायचा, जुने ऑइल गळू द्यायचे, बोल्ट आवळून नवे भरायचे. शंभर सीसीच्या गाडीला जेमतेम एक लिटर लागते. आपले काम आपल्या हाताने करणे ही तर सुन्नत. प्रश्न उरतो तो पातेल्यात साचलेल्या काळ्या तेलाचा.

पुष्कळदा ते गटारात जाते, नाहीतर अंगणाच्या कोपऱ्यात. मग हात साबणाने खसखसून धुतले जातात. कारण तेलकट थर राहिला तर पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि वुजू होत नाही. ही दक्षता योग्यच. पण तोच थर ओढ्यावर पसरला की पाण्याला हवा मिळत नाही, आतले जीव गुदमरतात. झिजलेल्या धातूचे कण आणि काजळी मातीत उतरते. हात पाक झाले. घाण मात्र दुसऱ्याच्या दारात गेली.

कोणी म्हणेल, खनिज तेल काही नजिस नाही. खरे आहे. पण काच तरी कुठे नजिस असते? म्हणून ती कोणी वाटेत टाकत नाही. वाटेतली इजा दूर करणे हा ईमानाचाच भाग, आणि पाणवठा घाण करण्याची तर स्पष्ट मनाई आहे.

अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबाचे दार उघडे आहे. बंद्याचा हक्क मारला, तर त्या बंद्याकडेच माफी मागावी लागते. मालेगावच्या गटारातले तेल मोसमच्या वाटेने जाते, चिपळूणचे वाशिष्ठीच्या. खालच्या गावात ते पाणी भरणारी बाई कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. माफी मागायची कुणाकडे? जिथे माफीची सोय नाही, तिथे गुन्हा घडू न देणे एवढेच हाती उरते.

ते अवघडही नाही. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात जुने भरावे, झाकण लावावे आणि गॅरेजच्या पिंपात द्यावे. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे हे तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे; तिथे शुद्ध होऊन ते पुन्हा कामी येते. पुढे ते कुठे जाते, हे गॅरेजवाल्याला विचारायला संकोच नको. अमानत सोपवताना ती कुणाच्या हाती जाते, हे पाहावेच लागते.