बंदीच्या आडोशाला उभी राहू नकोस

चि. मुक्ता हिस,


नेब्रास्काच्या पशुपालकांसोबत तू काम करतेस याचं मला फार कौतुक आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसावरच्या बंदीची पाठराखण करावी का, असं तू विचारलंस. जन्मभर गुरांची डॉक्टरकी केली, म्हणून स्पष्ट लिहितो : करू नकोस.

आधी धोका केवढा आहे ते बघ. जनावराच्या पेशी पोलादी टाकीत साखर, क्षार आणि अमिनो आम्लांच्या द्रावणात वाढवतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) आणि कृषी खातं यांच्यातल्या २०१९च्या करारानुसार टाकीतल्या वाढीवर एफडीए देखरेख ठेवते. मांस टाकीबाहेर निघतानाची तपासणी आणि पुढे लेबल कृषी खात्याकडे. जून २०२३मध्ये दोन कंपन्यांच्या कोंबडीला परवानगी मिळाली. सुरुवातीला ती मिळायची सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टनमधल्या एकेका रेस्टॉरंटमध्ये. एवढ्यावर फ्लोरिडाने २०२४मध्ये बंदी घातली, २०२५मध्ये तुमच्या राज्याने.

तुमच्या लोकांचं खरं दुखणं वेगळंच आहे. दुष्काळाने कुरणं करपली, वासरं देणाऱ्या गाईही विकाव्या लागल्या. १ जानेवारी २०२५ला अमेरिकेत ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१नंतरची तोवरची सर्वांत कमी. त्यात पोसून कत्तलीला तयार केलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के चारच कंपन्यांकडे जातात; मग भावाची घासाघीस करायची कुणाशी? बंदीने यातलं काहीही सुटत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. कामातून गेलेला बैल बाजारात नेला तर गिऱ्हाईक नाही आणि दावणीला ठेवला तर वैरणीचा खर्च, हे गाऱ्हाणं मी गोठ्यागोठ्यात ऐकलं. विकायचं काय आणि खायचं काय, हे सरकार ठरवू लागलं की त्याची झळ पशुपालकालाही बसते. आज दुसऱ्याच्या मालावर चाललेलं हत्यार उद्या आपल्यावरही चालू शकतं.

तेव्हा तुम्ही मागणी करा ती ठळक, प्रामाणिक लेबलाची आणि कडक तपासणीची. त्याच जोराने गुरांच्या खरेदीभावात पारदर्शकता मागा, छोट्या कत्तलखान्यांना मदत मागा, दुष्काळात चाऱ्याची सोय मागा. नेब्रास्कातल्या काही पशुपालकांनीच बंदीला विरोध केला होता. त्यांना आपल्या मालाची खात्री आहे. त्यांना आधी जाऊन भेट.

बैठकीत हे बोललीस तर काही जण नाराज होतील. होऊ देत. त्यांची भीती नीट ऐकून घे, आकडे समोर ठेव आणि मत बदलू नकोस.

तुझा,
काका