निद्रा, मृत्यू आणि आपली नियत

रात्री आपण अल्लाहचे नाव घेऊन डोळे मिटतो आणि सकाळी पुन्हा जीवन दिल्याबद्दल त्याचे आभार मानतो. सूरह जुमरमध्ये निद्रा आणि मृत्यू यांचा उल्लेख एकत्र आला आहे. दोन्ही अवस्थांत प्राण अल्लाहच्या स्वाधीन असतो. ज्याची मुदत शिल्लक आहे, त्याचाच परत पाठविला जातो.

आज विज्ञान या दोन अवस्थांविषयी दोन वेगळे प्रयत्न करीत आहे. अमेरिकेत १९६७ साली जेम्स बेडफर्ड यांचा देह मृत्यूनंतर गोठविण्यात आला आणि पुढे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, जतन केला गेला. असा गोठविलेला एकही मनुष्य आजवर उठलेला नाही. दुसरा मार्ग शीतनिद्रेचा. अस्वल हिवाळाभर अन्नपाण्याविना पडून राहते. त्याच्या शरीरातील ऊर्जेचा खर्च सुमारे चौथ्या हिश्शावर येतो. २०२० मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी मेंदूतील विशिष्ट पेशी उत्तेजित करून उंदरांमध्ये अशीच अवस्था निर्माण केली. उद्या ती माणसाला देता आली, तर गंभीर जखमीला शस्त्रक्रियेपर्यंत तग धरता येईल.

या दोहोंतील फरक ओळखा. मृताचे हक्क ठरलेले आहेत: गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, दफन. देह अडवून ठेवला, तर हे हक्क अडतात आणि घरच्यांचा शोकही अपुरा राहतो. शीतनिद्रेतील मनुष्य मात्र जिवंत असतो, आणि इलाज करण्याची शिकवण तर स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे.

परंतु जिवंतपणीची दीर्घ निद्राही पळवाट ठरू शकते. वृद्ध आईवडील, पत्नीचे हक्क आणि डोक्यावरचे कर्ज मागे टाकून कोणी पन्नास वर्षे झोपू पाहील, तर त्याला इलाज म्हणावे काय? सूरह कहफमधील तरुण गुहेत गेले ते ईमान वाचविण्यासाठी. दीर्घायुष्य त्यांनी मागितले नव्हते. मागितली होती अल्लाहची कृपा. शतकांनंतर जागे झाल्यावर त्यांना वाटले, आपण एखादा दिवस झोपलो असू. त्यांचे ते उठणे लोकांसाठी पुनरुत्थानाची खूण ठरले.

म्हणून शीतनिद्रेचे संशोधन जीव वाचविण्यासाठी होत असेल, तर त्याचे स्वागत करा. मात्र अधिक वर्षे कशासाठी हवीत, हे आधी स्वतःला विचारा. कोणाचे देणे द्यायचे असेल, कोणाची क्षमा मागायची असेल, तर ते आज झोपण्यापूर्वीच करा. सकाळी जाग येईलच, याची हमी आपल्यापैकी कोणाजवळही नाही.