आठवा हिस्सा

अंबाजोगाईत एक पासोडी आहे, ती कुणी पांघरत नाही. लांबी सुमारे 40 फूट, रुंदी 4 फूट. दासोपंतांनी (1551–1615) तिच्यावर पंचीकरण लिहिले आणि गावाने ती चार शतके जपली. पासोडी हा खरे तर थंडीतल्या जाड सुती पांघरुणाचा शब्द. अंबाजोगाईमुळे तो मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका ग्रंथाचे नाव होऊन बसला. एकनाथांच्या या समकालीनाला रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. तेव्हा कागद संपला म्हणून कापड घेतले असेल, असे गमतीने म्हणता येईल. पण पासोडीचा विषय पाहिला की गंमत बाजूला राहते.

कारण पंचीकरण ही वर्गवारीच आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते. प्रत्येकाचा अर्धा भाग त्याच्यापाशी राहतो. उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होतात आणि ते बाकीच्या चौघांत मिसळतात. म्हणजे जी पृथ्वी हाताला लागते ती निम्मीच पृथ्वी. उरलेल्या निम्म्यात चौघांचा एकेक आठवा हिस्सा.

दिवाळीच्या साफसफाईत पुस्तकांचे कपाट ज्याने एकदा तरी रिकामे केले आहे, त्याला हे वेदान्ताचे गणित कुणी शिकवावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ कुठे ठेवायचे? आत्मचरित्रांत, हे सोपे उत्तर. पण त्यात रेव्हरंड टिळकांचे चरित्र आहे, धर्मांतराचा इतिहास आहे, एका बाईचा संसार आहे आणि पानोपानी हसू आहे. निम्मे लक्ष्मीबाईंचे, बाकी आठव्या हिश्श्यांचे. गाण्यांचेही तेच. भीमसेन जोशींच्या संतवाणीची कॅसेट किराणा घराण्याच्या रागदारीशेजारी लागते, की तुकारामांच्या गाथेजवळ, की राम फाटकांच्या चालींबरोबर? आणि खुद्द दासोपंतांची पदे, ज्यांच्या माथ्यावर रागांची नावे येतात, ती पुस्तकांच्या कपाटात जावीत की गाण्यांच्या?

या प्रश्नाने एका गणिताच्या प्राध्यापकाचे आयुष्य बदलले. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन लंडनला शिकायला गेले होते. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी गाडी, कधी क्रेन. पुस्तकाचा विषयही असाच तुकड्या-तुकड्यांनी जोडता येईल, हे त्यांच्या मनाने घेतले आणि 1933 मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती छापून आली. पुढे त्यांनी सगळ्या विषयांच्या मुळाशी मूलभूत कोटी मानल्या, त्याही पाचच. दासोपंतांशी याचा संबंध जोडणे हा ओढूनताणून केलेला आगाऊपणा होईल, पण पाचाचा आकडा पाहून अंबाजोगाईकराला थोडे बरे वाटले तर त्याला दोष देऊ नये.

घरोघरचे संग्राहक मात्र रंगनाथनांना विचारून कपाट लावत नाहीत. कुणी उंचीनुसार लावतो, कुणी प्रकाशनांनुसार. ज्याला पाहुण्यांची काळजी जास्त तो जाडजूड खंड दर्शनी फळीवर ठेवतो. अनेकांची रचना फक्त डोक्यात असते. ‘खिडकीकडून तिसऱ्या थप्पीत, निळ्या पुस्तकाखाली’ असे ते खुर्चीतून न उठता सांगतात आणि पुस्तक खरेच तिथे निघते. घरच्यांना कौतुक वाटते. त्या कौतुकात एक अडचण लपलेली असते: रचना ज्याच्या डोक्यात, तो गेला की थप्पी उरते आणि पत्ता जातो. मग रद्दीवाल्याचा तराजू येतो. तो फक्त वजनाने वर्गवारी करतो.

अंबाजोगाई ज्या जिल्ह्यात येते, त्या बीडनेच याचे एक मोठे उदाहरण पाहिले आहे. वि. का. राजवाडे जुनी कागदपत्रे शोधत गावोगाव हिंडत. बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्याच्याही आधीची ही प्रत, असे राजवाड्यांचे म्हणणे होते. तिच्यावरून त्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. तिच्या वयाबद्दल आणि भाषेबद्दल अभ्यासकांनी पुढे पुष्कळ वाद घातला. पण वाद मिटवायला जी पोथी समोर हवी, ती मूळ पोथीच आज उपलब्ध नाही. ज्या माणसाने इतरांची दप्तरे वाळवीच्या तोंडून ओढून काढली, त्याच्या संग्रहातली इतकी महत्त्वाची वस्तू अशी दिसेनाशी व्हावी! राजवाड्यांचे ऋण मानूनही ही गोष्ट बोचायची थांबत नाही.

जुने लेखक-गवई या बाबतीत जास्त सावध होते. पोथीच्या शेवटी नकलनवीस शक, तिथी, गाव आणि स्वतःचे नाव लिही. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथी सांभाळा, अशी विनवणीही करी. ती विनवणी घरच्यांपेक्षा पुढे कधीतरी पोथी ज्याच्या हाती पडेल त्या परक्याला असे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताचे नाव येते. दासोपंत स्वतःला ‘दिगंबरानुचर’ म्हणवतात. पान फाटले, बाड विस्कटले, गाणे तोंडातोंडी फिरले, तरी नाव आतच शिवलेले. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला ध्वनिमुद्रण करायला आले, तेव्हा गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगत. त्याचे कारण व्यावहारिक सांगतात: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या कारागिराला हा आवाज कुणाचा ते कळायला हवे. हजारो कोसांवरच्या, भाषा न जाणणाऱ्या माणसाची केलेली ती सोय होती. नाममुद्रा आणि ते नाव सांगणे यांत फरक फार नाही.

याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या जोड्या निघतात. नवरा-बायकोच्या अशा एका जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्य, शेळी, पोरे चढतात. पुढचे सहा महिने पाचटाच्या खोपीत काढायचे, तिथे कपाट कुठले? संग्रह जातो तो मोबाइलच्या नखाएवढ्या मेमरी कार्डात: भीमगीते, देवीची गाणी, भारुडे, जुनी हिंदी. हौसेने भरून घेतलेला हा साठा कुठल्याही दिवाणखान्यातल्या साठ्याइतकाच मनाजोगता असतो. पण फाइलीवर पुष्कळदा नुसता आकडा असतो, कवी नाही, गायक नाही. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराने गीताच्या शेवटी ‘वामन’ गुंफून ठेवला म्हणून तो खोपीतही ओळखू येतो. ज्यांनी गुंफले नाही त्यांची गाणी पोरकी फिरतात. मजुराला याबद्दल बोल लावणे अन्यायाचे आहे. कार्ड भरून देणाऱ्याने आणि त्याच्याही आधी गाणे विकणाऱ्याने ती नावे गाळलेली असतात.

भजनी मंडळाच्या वहीची रचना आणखी निराळी. तिथे विषय नाही, कवी नाही, अकारविल्हेही नाही. तिथे दिवस आहे. पहाटेचा काकडा आणि भूपाळ्या आधी, मग रूपाचे अभंग, वारावारांचे अभंग, गौळणी, शेवटी आरती. वही कुणाच्याही हाती दिली तरी चालते, कारण क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. सातारा जिल्ह्यात भिलारला 4 मे 2017 रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले, तेव्हा सरकारने घराघराला वाङ्मयप्रकार वाटून दिले: एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी बालसाहित्य. परक्या वाचकाने सरळ ओसरीवर यावे, ही कल्पना सुंदरच. तरी तिथल्या एखाद्या घरात कविता शोधताना कादंबरीचा आठवा हिस्सा हाती लागावा, असे वाटते खरे.

आपल्या कपाटासाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही, आणि करावा असेही नाही. एक दोनशे पानी वही पुरते. पुस्तकाचे नाव, कधी घेतले, कुणी दिले, कुणाला वाचायला दिले. काही घरांत अशी वही असते. तिच्यात ‘दिलेली पुस्तके’ हा भाग भरगच्च असतो, तारखांसकट, नाराजीच्या खुणांसकट. ‘आणलेली पुस्तके’ या मथळ्याखाली मात्र बहुधा पान कोरे असते.

आणि तरीही खालच्या फळीवर, मासिकांच्या आड, एक जाड बांधणीचे पुस्तक असतेच. आतल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, मागे परतीच्या तारखांचा तक्ता, शेवटची तारीख कित्येक वर्षांपूर्वीची. मालकाला सगळ्या कपाटात हे एकच पुस्तक कुठे लावायचे ते कधी ठरवता आलेले नाही. त्याच्या पाठीवर वर्गांक केव्हाचा लिहिलेला आहे. वरून फक्त खाकी कागदाचे कव्हर चढवलेले आहे.