सोंग आणि ढोंग

मराठीत सोंग आणि ढोंग हे दोन शब्द नेहमी जोडीने फिरतात. यमक जुळतं म्हणून आपण त्यांना एकाच घरचे समजतो. कुडाळच्या माणसाला मात्र दोघांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. जत्रेच्या रात्री दशावतारात जो विष्णू होऊन येतो, तो दिवसा शेती करतो किंवा रिक्षा चालवतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. स्वतःचं तोंड तो स्वतःच रंगवतो. लिहिलेली संहिता नसते, तरी पहाटेपर्यंत राजा, ऋषी, राक्षस उभे करतो. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. यात कुणाची फसवणूक होत नाही, कारण त्याने सोंग घेतलंय हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी बाजारात उभं राहून 'मी विष्णू, माझ्या पाया पडा' म्हटलं, तर ते ढोंग.

हा फरक मला एवढा महत्त्वाचा का वाटतो, ते सांगते. ढोंगी माणसासाठी येशू जो शब्द वापरतो, तो ग्रीक शुभवर्तमानात 'हिपोक्रितेस' असा आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा साधा अर्थ होता नट, रंगमंचावर काम करणारा. मराठी बायबलमध्ये तिथे 'ढोंगी' येतं. आणि मी ख्रिस्ती आहे, कुडाळात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि एकांकिकांत काम करते. म्हणजे ज्या शब्दाने माझा प्रभू सगळ्यात जास्त चिडून बोलला, तो मुळात माझ्या छंदाचं नाव आहे.

यंदाच्या एकांकिकेत मी एक विधवा म्हातारी करतेय. मुलगा मुंबईला, घरात ती एकटी. रोज संध्याकाळी ती तुळशीपुढे दिवा लावते आणि हात जोडते. हे ऐकल्यावर मांयने, म्हणजे आईने, एकच प्रश्न विचारला, "नाटकातलो नमस्कार नाटकातलोच आसा, ह्यां देवाक कळता काय गो?"

प्रश्न विनोदी वाटतो, पण चर्चने तो शेकडो वर्षं गंभीरपणे विचारला आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी कार्थेजच्या तर्तुलियनने नाटकं आणि खेळ यांच्या विरोधात अख्खा ग्रंथ लिहिला. खोटा आवाज, खोटं वय, खोटे अश्रू हे सत्याच्या देवाला आवडणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे बराच काळ नट-नट्यांकडे चर्चने संशयाने पाहिलं.

गंमत अशी की युरोपात नाटक पुन्हा उभं राहिलं ते चर्चच्या आतच. इंग्लंडमधल्या विंचेस्टरला सुमारे ९७० साली मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली गेली. तिच्यात ईस्टरच्या पहाटे काय करायचं याच्या सूचना आहेत. एका मठवासीयाने देवदूत होऊन थडग्यापाशी बसायचं आणि तिघांनी येशूचा देह शोधायला आलेल्या स्त्रिया होऊन हळूहळू तिथे यायचं. पुरुषांनी बायकांची सोंगं घ्यायची. दशावतार पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्या शेजारच्या गोव्यातला तियात्रही असाच. पहिला तियात्र, लुकासिन्यो रिबेरो यांचा 'इटालियन भुरगो', मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी झाला. तो दिवस ईस्टरचा रविवार होता.

इतकं लांब जायचीही गरज नाही. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला आमच्याकडे प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन होतं. ते वाटून वाचलं जातं. एकजण निवेदक, फादर येशू, आणि जमावाची वाक्यं बाकांवर बसलेले आपण सगळे. त्याला मारून टाका अशी ओरड जमावाने केली, ती दरवर्षी आम्हाला करायची असते. माझ्या शेजारी आज्या बसलेल्या असतात. ज्याच्यासाठी रोज संध्याकाळी तेर्स म्हणतात, त्याच्याच मरणाची मागणी त्या पुस्तकात बघून करतात. त्यांना पाप लागत नाही. उलट त्या दिवशी त्यांना कळतं की त्या गर्दीत आपणही असू शकलो असतो. चर्चने स्वतःच आम्हाला सोंग घ्यायला लावलं, आणि खरं काहीतरी कळावं म्हणून लावलं.

म्हणून मांयला मी सांगितलं की देवाला कळतं. प्रेक्षकाला कळतं, तर देवाला न कळायला काय झालं? तुळशीपुढे हात जोडते ती म्हातारी. माझं काम एवढंच की तिचे हात खरे वाटावेत. मी ख्रिस्ती म्हणून ते अर्धवट जोडले, चेहऱ्यावर 'मी यातली नव्हे' असा भाव ठेवला, तर त्या म्हातारीचा आणि तिच्यासारख्या हजार बायकांचा अपमान होईल.

खरी अडचण रंगमंचावर येतच नाही, ती विंगेत येते. प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, सगळे गोल उभे राहतात आणि 'गणपती बाप्पा मोरया' होतं. इथे कुणीही भूमिकेत नसतं. इथे मी मीच असते. मी हात जोडून गप्प उभी राहते, मनात माझी प्रार्थना म्हणते, आणि प्रसादाचा तुकडा सगळ्यांबरोबर खाते. रंगमंचावर पूजा मनापासून करणारी मुलगी विंगेत गप्प का, असं एकाने विचारलं होतं. त्याला हे उलटं वाटलं, मला ते सरळ वाटतं. आत सगळ्यांना सांगून घेतलेलं सोंग आहे. बाहेर मी कुणाच्या डोळ्यात येऊ नये एवढ्यासाठी ओरडले, तर ते ढोंग होईल. माझ्याच धर्मातले काहीजण ती आरोळी आनंदाने देतात. त्यांच्यासाठी ती टीमची हाक असते, मित्रांशी असलेलं नातं असतं, आणि त्यांच्या मनात तसंच असेल तर तेही ढोंग नाही. ओठांवर आहे ते आत आहे का, एवढंच ज्याचं त्याने पाहायचं.

इथवरचं उत्तर मात्र फार सोपं आहे. सोंग सांगून घेतलं की आपण मोकळे, असं असतं तर बरं झालं असतं. पण घेतलेलं सोंग अंगात भिनतं. नटांचा आश्रयदाता संत जेनेसियस याची कथा तीच आहे. सम्राट डायोक्लेशनपुढे तो बाप्तिस्म्याची टिंगल करणारं नाटक करत होता. डोक्यावर पाणी पडलं आणि मध्येच त्याला ते खरं वाटू लागलं. नाटक थांबवून त्याने तसं सांगितलं, आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. ही दंतकथा म्हणून घ्या, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. शरीराने वारंवार केलेली गोष्ट मन ऐकत असतं. मी दोन महिने म्हातारीसारखी हळू उठते-बसते आहे, आणि आता घरी आजीला उठायला लागणारा वेळ मला दिसतो. पूर्वी दिसत नव्हता. हे चांगलं भिनलं. वाईटही भिनू शकतं, म्हणून भूमिका निवडताना विचार करायला हवा, हे मी मान्य करते.

याहून अवघड प्रश्न संत ऑगस्टीनचा आहे. तोही आपल्यासारखाच शिकायला घराबाहेर पडलेला विद्यार्थी होता. कार्थेजला गेला आणि नाटकांच्या नादी लागला. आपल्या आत्मकथनात तो मागे वळून विचारतो की रंगमंचावरच्या दुःखावर रडायला मला का आवडायचं? त्या दुःखात धावून जाऊन मदत करायची नसते, नुसतं रडायचं असतं. मग ती दया कसली?

हा प्रश्न आमच्या एकांकिकांच्या वर्मी लागतो. स्पर्धेत काय चालतं हे आम्हाला माहीत आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको, एकटी पडलेली आई, जातीवरून हाकललेला मुलगा. शेवटी दिवे मंद होतात, प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येतात, आम्हाला बक्षीस मिळतं आणि आम्ही वडापाव खात सेल्फी काढतो. ज्यांचं दुःख आम्ही वापरलं, त्यांच्यापर्यंत यातलं काय पोचलं? इथे मी कितीही प्रामाणिक सोंग घेतलं, तरी प्रयोग संपल्यावर काही उरलं नाही तर सगळी मेहनत हळूहळू ढोंगाकडे सरकते.

आता वेळेचं बघू. घर, कॉलेज, तालीम यांचा तोल सांभाळ, असं सगळे सांगतात. तोल म्हटलं की तराजू डोळ्यांपुढे येतो, थोडं इकडे टाकायचं, थोडं तिकडे. प्रत्यक्षात तसं घडत नाही. प्रयोगाची तारीख टळत नाही. परीक्षेला निदान एटीकेटी आहे. रविवारची मिस्सा मात्र दर आठवड्याला येते, म्हणून 'एक रविवार चुकला तर काय होतं' हे वाक्य नेहमी तिच्याच वाट्याला येतं. जो तक्रार करत नाही त्याच्याकडूनच आपण वेळ उसना घेत राहतो. देव तक्रार करत नाही. बऱ्याचदा आईही करत नाही. आणि मग घरी 'एक्स्ट्रा लेक्चर' सांगून तालमीला आणि तालमीत 'ताप आहे' सांगून घरी, असं सुरू होतं. नाटकवाल्या मुलांचं सगळ्यात मोठं ढोंग रंगमंचावर कधीच नसतं, ते या दोन फोनकॉल्समध्ये असतं. म्हणून पहिल्या वाचनालाच दिग्दर्शक दादाला मी सांगून टाकते की रविवारी सकाळी मी नऊनंतर येईन. आजवर दोन भूमिका त्यामुळे गेल्या. त्या गेल्याचं वाईट वाटतं.

या बाबतीत मला करोल वोयतिवा या विद्यार्थ्याची गोष्ट आठवते. १९३८ साली तो पोलंडमध्ये क्राकूवच्या याग्येलोनियन विद्यापीठात पोलिश भाषा-साहित्य शिकायला आला. नाटकाचं वेड होतंच. पुढच्याच वर्षी जर्मनांनी देश बळकावला, विद्यापीठ बंद केलं, प्राध्यापकांना पकडून नेलं. हा पोरगा आधी दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात राबला. १९४१ मध्ये मित्रांबरोबर त्याने 'ऱ्हाप्सोडिक थिएटर' सुरू केलं. कुणाच्या तरी घरात, पडदे ओढून, नेपथ्य जवळजवळ नाहीच, फक्त शब्द. पकडले गेले असते तर जिवावर बेतलं असतं. एका प्रयोगात बाहेर जर्मनांचा लाउडस्पीकर विजयाच्या बातम्या ओरडत होता आणि हा न थांबता आपल्या ओळी म्हणत राहिला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. १९४२ मध्ये त्याने गुप्तपणे धर्मगुरूचं शिक्षण सुरू केलं. नाटकातल्या माणसांनी त्याला परोपरीने समजावलं, पण त्याने ऐकलं नाही. १९७८ साली तो पोप दुसरे जॉन पॉल झाला.

ही यशाची गोष्ट म्हणून मी सांगत नाही, कारण आपल्यातलं कुणी पोप होणार नाहीये. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की त्याने कायमचा तोल साधला नाही. काही काळ कारखाना, नाटक आणि धर्मशिक्षण तिन्ही ओढलं, आणि वेळ आली तेव्हा एक निवडलं. निवडल्यावर दुसऱ्याला त्याने पाप ठरवलं नाही. पुढे धर्मगुरू असतानाही टोपणनावाने नाटक लिहिलं, आणि १९९९ साली पोप म्हणून जगभरच्या कलावंतांना पत्र लिहिलं. मलाही एक दिवस निवडावं लागेल. नोकरीच्या कॉलची मुंबईतली तारीख आणि प्रयोगाची तारीख एकच येईल तेव्हा मी काय करेन, याचं उत्तर आज तयार ठेवणं हेही एक सोंगच होईल.

तोवर श्रद्धा, अभ्यास आणि नाटक यांना एकत्र काय धरून ठेवतं? फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेलने १९४२ साली शाळेच्या अभ्यासाविषयी एक निबंध लिहिला. तिचं म्हणणं असं की भूमितीचं गणित सुटो न सुटो, त्याच्यावर पूर्ण लक्ष लावण्याची सवय वाया जात नाही, कारण प्रार्थना म्हणजेही लक्षच. आणि दुःखात असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती आपल्याकडे कुणी असं लक्ष देण्याची.

मला यात सोंग आणि ढोंग यांची खरी सीमा सापडते. ढोंगी माणसाचं लक्ष आपल्याकडे कोण बघतंय यावर असतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना येशूने नट म्हटलं ते याचसाठी. पुस्तक उघडून बसलेला मुलगा दारातून पप्पा बघतायत का याकडे कान लावून असतो, तेही तेच. पैशासारखंच अभ्यासाचंही सोंग आणता येत नाही, हे पेपरच्या दिवशी कळतं. चांगला नट प्रेक्षकांत बसलेल्या परीक्षकाला शोधत नाही, समोरचा नट काय म्हणतोय ते ऐकतो. सगळ्यात वाईट गोष्ट ही की माझं लक्ष मिस्सेत नवीन ड्रेसवर असू शकतं आणि तालमीत खरोखर त्या म्हातारीवर. त्या दिवशी ढोंग मी चर्चमध्ये केलेलं असतं.

आमच्या वाडीत एक काकी आहेत. भूमिकेसाठी मी त्यांचं चालणं, पदर सावरणं, दिवा लावताना वाऱ्याकडे पाठ करणं बघून ठेवलं. त्यांना ते ठाऊक आहे, मी सांगितलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "बघ, बघ." प्रयोग पुढच्या महिन्यात संपेल. त्यानंतर माझं त्यांच्या अंगणात जाणं चालू राहिलं तर ऑगस्टीनला देण्यासारखं थोडंसं उत्तर माझ्याकडे असेल. नाही राहिलं, तर त्या नाटकातलं माझं सगळ्यात कच्चं काम तेच ठरेल, आणि ते परीक्षकांना दिसणारही नाही.