अक्षरांआधीची कविता

बालवाडीत कविता असते ती पाठांतराची. बाई पुढे म्हणतात, मुले मागून म्हणतात; हातवारेसुद्धा ठरलेले असतात. त्यातून लय कानात बसते, शब्द जिभेवर रुळतात, हे खरेच. पण मुलाने स्वतः काही रचावे, ही अपेक्षा तेथे नसते. ‘अजून त्याला अक्षर कुठे येतंय?’ असे म्हणून विषय संपवला जातो.

याला खणखणीत उत्तर मराठीतच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली. रचणारा आणि लिहून घेणारा एकच असावा लागतो, हा समज बालशिक्षणाने उगाच जपला आहे.

शिकागोतल्या बालवर्गशिक्षिका विवियन पेली मुलांच्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत. सुरुवातीला सांगायला फारसे कोणी पुढे येत नसे. मग वॉली नावाच्या मुलाची गोष्ट वर्गाने वठवली आणि सगळ्यांनाच आपली गोष्ट सांगायची घाई झाली. १९८१ साली आलेल्या ‘वॉलीज स्टोरीज’मध्ये हे वाचायला मिळते. आपले बोलणे कागदावर गेले, यापेक्षा ते सवंगड्यांनी खेळून दाखवले, याचे मुलांना अप्रूप होते.

कवी केनेथ कोक यांचा अनुभव थोड्या मोठ्या मुलांचा, न्यू यॉर्कच्या एका प्राथमिक शाळेतला. प्रत्येकाने आपल्या इच्छेची एकेक ओळ द्यायची आणि साऱ्या वर्गाची मिळून कविता करायची, अशी त्यांची रीत होती. यमकाची अट मात्र त्यांनी काढून टाकली, कारण यमक शोधण्यात मुलांची कल्पना अडखळत होती. बडबडगीतांवर वाढलेल्या आपल्या बालवाडीने हे विशेष लक्षात घ्यावे. खेळता खेळता मूल यमक जुळवते. मागणी केली की तेच मूल जुळेल तो शब्द पुढे करते.

अडचणी खऱ्या आहेत. तीस मुलांच्या वर्गात एकटी बाई कोणाकोणाचे लिहून घेणार? रोज दोघांचे घेतले तरी पंधरा दिवस भरतात. त्याहून अवघड आहे हात आवरणे. मूल अहिराणीत किंवा वारलीत बोलले की ते ‘शुद्ध’ करून लिहिण्याचा मोह होतो, आणि वाक्य मुलाचे उरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात बालशिक्षण आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेले. अंगणातली बोली वहीत येऊ देणे, हा त्याच कामाचा पुढचा भाग ठरतो.

पालकांचा प्रश्न वेगळा. त्यांना भरलेली वही हवी असते, म्हणून साडेतीन वर्षांची मुले ‘अ’ गिरवत बसतात. पालकसभेत बाईंनी गिरवलेल्या पानांऐवजी मुलांनी सांगितलेली दोन-तीन वाक्ये नावानिशी वाचून दाखवली, तर मूल काय शिकले याचा पुरावा आई-बापांना त्याच्याच शब्दांत मिळेल. त्यासाठी लागेल एक कोरी वही आणि सेविकांच्या प्रशिक्षणात मुलाचे बोलणे जसेच्या तसे टिपण्याचा सराव.