हलके काम: मेहेरबानी की हक्क?



चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातील कारखान्यांत आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण, आणि आता बऱ्याच तरुणीही, ठेकेदारामार्फत कामाला जातात. हजेरी ठेकेदाराकडे, मशीन कंपनीचे आणि काम सांगणारा सुपरवायझर तिसराच. अंगात ताकद असते तोवर हे सारे चालून जाते. पण कावीळ झाली, पाठ धरली किंवा क्षयरोगाचा सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू झाला, की पंचाईत होते. घरी बसावे तर पगार बुडतो, पूर्वीसारखे राबावे तर शरीर साथ देत नाही. मधला एक मार्ग असतो. काही आठवडे प्रेस शॉपऐवजी पॅकिंगला बसवा, रात्रपाळी लावू नका, ओव्हरटाइम नको, अशी विनंती करण्याचा. बहुतेक जण नेमका हाच मार्ग टाळतात. “फादर, परमनंट असतो तर मागितले असते. आमचे काय, आज आहोत, उद्या गेटपास बंद.” आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की हे उत्तर आम्हाला ठरलेले असते.

भीती खरी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण या उत्तरात एक विचारही दडलेला आहे. हलके काम हे कायम नोकरीचे बक्षीस आहे, आणि ज्याची नोकरी हंगामी त्याचे आजारपणही त्याचे एकट्याचे, असा तो विचार. तो तपासून पाहिला पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीप्रमाणे न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची पक्की मनोवृत्ती. दया त्याच्याही पुढे जाते. हलके काम ही निव्वळ दया असेल, तर मागणाऱ्याने हात जोडावेत आणि देणाऱ्याची मर्जी सांभाळावी. पण तो न्यायाचा भाग असेल, तर मागणारा मान वर करून बोलू शकतो. नम्रपणे, पण मान वर करून.

शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा ३० वा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अमालेकी टोळीने सिकलाग नगर जाळून बायकामुले पळवून नेली. दावीद आपल्या ६०० माणसांसह पाठलागाला निघाला. वाटेत शेतात एक मिसरी तरुण पडलेला सापडला. तीन दिवस त्याच्या पोटात अन्नपाणी नव्हते. तो एका अमालेक्याचा गुलाम. आजारी पडला म्हणून धन्याने त्याला तिथेच टाकले होते. हा धनी काही फार क्रूर असेल असे आम्हाला वाटत नाही. त्याला घाई होती, इतकेच. टोळी पुढे निघाली होती आणि चालू न शकणारा माणूस हिशेबात बसत नव्हता. लाइन थांबत नाही, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. दावीदाच्या माणसांनी त्याला भाकर, पाणी, अंजिराच्या ढेपेचा तुकडा आणि मनुकांचे दोन घड दिले. त्याच्या जिवात जीव आल्यावर मगच दावीदाने त्याची चौकशी केली. पुढे त्यानेच शत्रूच्या तळापर्यंत वाट दाखवली.

त्याच अध्यायात दुसरी गोष्ट आहे. त्या ६०० पैकी २०० जण इतके थकले की त्यांना बसोरचा ओढा ओलांडता येईना. ते सामानापाशी राहिले. लढाई जिंकून बाकीचे परतले, तेव्हा काही जण कुरकुरले, हे आले नाहीत, यांना लुटीतला वाटा कशाला? दावीदाने ठरवले की लढणाऱ्याला आणि सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा मिळेल, आणि तो इस्राएलात कायमचा नियम झाला. एका दिवसाच्या उदारपणावर गोष्ट संपली नाही, तिचा नियम झाला. तसेच, सामान राखणे हेही काम होते. ते २०० जण फुकट खात नव्हते.

यावर कोणी म्हणेल, फादर, ते २०० दावीदाची स्वतःची माणसे होती. मान्य. म्हणून प्रश्न असा उरतो की ठेकेदाराचा कामगार कोण? ओढ्याकाठचा सोबती, की शेतात टाकलेला मिसरी? कंपनी म्हणते, तो आमच्या पटावर नाही. ठेकेदार म्हणतो, काम बदलणे माझ्या हातात नाही, मला माणसे मोजून द्यायची आहेत. दोघांचे कागद चोख असतात आणि माणूस मध्ये उभा असतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला आहे. कामगाराशी करार करणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्या संस्था आणि व्यवस्था त्या कराराच्या अटी आधीच ठरवून टाकतात, त्यांनाही ते जबाबदार धरतात. लाइनचा वेग, पाळी आणि दर कंपनी ठरवत असेल, तर आजारी माणूस आपला नव्हे असे तिला म्हणता येईल असे आम्हाला वाटत नाही. आपला कायदाही येथवर काही अंतर चालला आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने द्यावा, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे. ईएसआयची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारीही मुख्य मालकाचीच. पगाराबद्दल कायदा इतका स्पष्ट बोलतो. हलक्या कामाबद्दल तितका स्पष्ट बोलत नाही. तिथे विवेकाला बोलावे लागते.

मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकाल येथे आठवतो. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात ठेकेदारामार्फत राबणारा हंगामी कामगार कायम होण्याच्या यादीत होता. तपासणीत एचआयव्ही आढळला आणि त्याचे काम गेले. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली, म्हणून तो खटल्यात ‘एमएक्स’ एवढ्याच अक्षरांनी ओळखला जातो. काम करण्याची क्षमता असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ रोग आहे म्हणून माणसाला कामावरून दूर करता येणार नाही, असा निर्णय झाला. तो सरकारी महामंडळाविरुद्ध होता, खासगी कारखान्याला तो जसाच्या तसा लागू होईल असे नव्हे. पण त्यातला भेद कोणत्याही शॉप फ्लोअरवर खरा आहे. आजारी असणे वेगळे आणि निकामी असणे वेगळे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एकाला हलके काम दिले की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, आणि तोही बहुधा हंगामीच असतो. ढोंग करणारेही भेटतात. “एकाला दिले तर सर्वांना द्यावे लागेल,” असे सुपरवायझर म्हणतो ते अगदीच खोटे नाही. ॲरिस्टॉटलने यावर लेस्बोस बेटावरच्या गवंड्यांचे उदाहरण दिले आहे. त्यांची मोजपट्टी शिशाची असे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकणारी. कायदाही प्रसंगी असा वाकवावा लागतो, असे त्याचे म्हणणे. (क्वालिटी विभागात काम करणाऱ्या आपल्या बांधवांना वाकणारे गेज रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ते यंत्राच्या भागांसाठी, माणसांसाठी नव्हे.) खरेच आजारी पडलेल्या प्रत्येकाला द्यावे लागले, तर द्यावे.

मागणाऱ्याचेही कर्तव्य आहे. काय जमणार नाही याबरोबर काय जमेल आणि किती दिवस, हे सांगावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘विश्रांती’ एवढेच नको. वजन उचलू नये, रात्रपाळी नको, अमुक तारखेपर्यंत, असे लिहून घ्यावे. अर्ज लेखी द्यावा, ठेकेदाराला आणि कंपनीलाही, आणि पोच घ्यावी. रोगाचे नाव साऱ्या लाइनला सांगायला आपण बांधील नाही. मात्र फेफरे येत असताना फोर्कलिफ्ट चालवणे, किंवा क्षयरोगावर डॉक्टरांनी मोकळीक देण्याआधी गर्दीत काम करणे, यात लपवाछपवी चालणार नाही. तिथे दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो.

मुळीच उभे राहवत नसेल तर हलके कामही मागू नये, रजा घ्यावी. ईएसआयचा आजारपण भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के मिळतो. त्यासाठी ठरलेल्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ठेकेदार मध्येच ‘ब्रेक’ देतो तेव्हा हे दिवस मोजून ठेवावेत, आजारी पडल्यावर नव्हे, आधीच.

आपल्या बाकांवर ठेक्याचे कामगार बसतात तसे सुपरवायझर, एचआरमधील अधिकारी आणि दोन-चार छोटे ठेकेदारही बसतात. शांतिचिन्ह देताना ते एकमेकांचा हात हातात घेतात. सोमवारी त्यांच्यापैकी एकाच्या टेबलावर दुसऱ्याचा अर्ज येऊ शकतो. अर्ज लिहायला मदत हवी असल्यास दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. येताना ईएसआय कार्ड, पगाराची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी.