लहान सुखं आणि कृष्णाकाठ

लहानसहान गोष्टींत सुख मानावं, हा सल्ला आज जो उठतो तो देतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो आणि मला स्वतःला तो पटतोही. सांगलीत संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसावं, हातात भडंगाची पुडी असावी, तळलेली लसणाची पाकळी दाताखाली यावी, मग खरपूस शेंगदाणा, मग तिखटानं नाक झणझणावं आणि पुडी संपली की कागदाला चिकटलेलं मीठ-तिखट बोटानं टिपून घ्यावं. हे सुख खरं आहे. त्याला कमी लेखणाऱ्याशी माझं जमत नाही. पण हा विचार आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं आला, हे पाहिल्याशिवाय तो पुरता कळत नाही, असं मला वाटतं. ती वाट शोधायला सातारा-सांगलीचा मुलूख फार सोयीचा आहे. तसा तो एकच मुलूख. 1949 साली वेगळा झालेला सांगली जिल्हा 1960 पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणूनच ओळखला जायचा.

सुरुवात सज्जनगडापासून करावी लागते. समर्थ रामदासांची अखेरची वर्षं तिथे गेली. सर्व बाजूंनी सुखी असा कोणी जगात आहे का, हा त्यांनी मनाला घातलेला प्रश्न आपल्याकडे घराघरांत पाठ असतो. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि तिथून वाट विरक्तीकडे जाते. मात्र याच रामदासांनी दासबोधात लेखनावर अख्खा समास लिहिला आहे. अक्षर कसं वळणदार काढावं, कागद कसा असावा, शाई कशी असावी, हे सगळं त्यात येतं. देहाच्या नश्वरतेबद्दल इतकं कठोर बोलणारा माणूस अक्षराच्या वळणापाशी असा रमतो, हे मला फार मोलाचं वाटतं. रोजचं काम नेटकं करण्यातली गोडी त्यांना ठाऊक होती. तिला सुख म्हणायची त्या काळाची तयारी नव्हती, एवढंच.

ती तयारी करून दिली गोपाळ गणेश आगरकरांनी. त्यांचा जन्म 1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांनी जे मराठीत आणलं, त्याचा गाभा असा, की माणसाचं याच जगातलं, याच देहातलं सुख ही लाजण्यासारखी गोष्ट नाही. ते वाढवणं हे समाजाचं काम आहे आणि जी रूढी विनाकारण दुःख देते ती टाकून द्यायला हवी. केशवपन झालेल्या विधवेला तुळशीपुढच्या पणतीत आनंद मानायला सांगणं हा त्यांच्या लेखी क्रूरपणा होता. स्वतः मात्र ते पोटापुरत्या मिळकतीवर राहिले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं त्यांनी आईला कळवल्याचं प्रसिद्धच आहे. आपल्यापुरतं थोडक्यात भागवायचं आणि दुसऱ्यासाठी मात्र थोडक्यावर राजी व्हायचं नाही, ही त्यांची रीत होती. लहान सुखांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं ती आधी समजून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आगरकरांच्या नंतरच्या पिढीत, 1885 साली, साताऱ्यात दत्तात्रेय बाळकृष्ण ऊर्फ काकासाहेब कालेलकर जन्मले. काकासाहेबांनी मुख्यतः गुजरातीत लिहिलं, गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं, म्हणून आपण त्यांना थोडं परकं करून टाकलं आहे. नद्यांवर लिहिताना ते माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरही जाऊन पोचतात. पण माझ्या दृष्टीनं त्यांचं खरं काम ‘ओतराती दीवालो’ या पुस्तकात आहे. 1923 साली साबरमतीच्या तुरुंगात असताना जे दिसलं, त्याची ही छोटीशी वही. राजकीय कैद्याच्या आठवणी म्हणून उघडावी, तर आत भेटतात खारी, मुंग्या, कावळे, आवारातली झाडं. कोंडलेला माणूस त्यांच्याकडे शेजाऱ्यांकडे बघावं तसा बघतो, त्यांची चौकशी करतो, त्यांची काळजी घेतो. इथे या विचाराला नवं वळण मिळालं. सुख वस्तूत नसतं हे सगळेच सांगत आले होते. कालेलकरांनी दाखवलं की ते टक लावून बघण्यात असतं आणि तसं बघणं ही अंगात मुरवून घ्यायची सवय आहे. त्यांनी तुरुंगाची तक्रार केली नाही म्हणून तुरुंग चांगला ठरला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. स्वराज्यासाठी ते आत गेले होते आणि बाहेर येऊन तेच काम करत राहिले.

त्याच सुमारास मराठीत लघुनिबंध रुजला. क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर मनमोकळं लिहायचं, हे ना. सी. फडके आणि सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर यांनी वाचकांच्या अंगवळणी पाडलं. रोजच्या चहाला, पावसाला छापील पानावर मानाची जागा मिळाली.

मग येतं 1959 साल. त्या वर्षी खांडेकरांची ‘ययाति’ आली आणि त्याच वर्षी अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’. एक लेखक सांगलीचा, दुसरा वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचा. ययातीला सगळं मिळतं, मुलाचं तारुण्यसुद्धा मिळतं, तरी त्याची तहान भागत नाही. फकिराच्या माणसांना दुष्काळात भाकरी मिळत नाही आणि गुन्हेगार जमातीचा शिक्का बसल्यामुळे रोज सरकारी हजेरी द्यावी लागते. लहान सुखांवरची आपली पुस्तकं बहुतेक ययातीला उद्देशून लिहिलेली असतात. ती त्याला लागूही पडतात. तीच फकिराच्या हाती दिली तर? ज्याचा दिवसच त्याचा नाही, त्यानं पावसाची सर बघत कधी बसायचं? या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्यापासून मी कुणालाही ‘आहे त्यात आनंद मान’ असं म्हणायला धजत नाही.

आणि तरीही लहान सुखाचा आग्रह मला सोडवत नाही, कारण लोकांनी त्याच्यासाठी केलेली लढाई याच मुलखात आहे. माणदेशात, आटपाडीकडे, पाणी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वणवण. 1993 पासून तिथे दर वर्षी पाणी परिषदा भरू लागल्या. पुढाकार होता वाळव्याच्या क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींचा, बेचाळीसच्या भूमिगत लढ्यात गोळी झेललेल्या माणसाचा. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी तालुक्यांत नेणारी योजना पुढे उभी राहिली. पाणी उचलायला सुरुवात होते ती आगरकरांच्या टेंभूतून, योजनेचं नावही टेंभूच. डोक्यावर हंडा घेऊन ज्या बाईची सकाळ पायपिटीत जायची, तिला घोटभर चहा बसून पिता यावा, हे त्या आंदोलनाच्या पत्रकात लिहिलं जात नसेल. तिथे समन्यायी पाणीवाटप असा शब्द असतो. पण मागणी त्याच चहाची होती. शेतकऱ्याबरोबर भूमिहीनालाही पाण्याचा वाटा हवा, हा आग्रह त्याच आंदोलनानं धरला. रानच नसलेल्या घराला पाणी कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.